दोन ओळींचा नियम

“ऐंशी पिशव्या रक्त फेकून द्यावं लागलं,” साहेब म्हणाले. “दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. हे वर्णन कोणी लिहिलं?”

समोरच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. ‘सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करते. सर्व्हर अडकल्यास वापरावे.’

दूरच्या एका रक्तपेढीचा सर्व्हर इथे बसून सांभाळायचं काम महिन्यापूर्वी एआय एजंटकडे सोपवलं होतं. एकेका कामासाठी दिलेलं कोणतं टूल कधी वापरायचं, हे एजंटला अशा वर्णनांवरूनच कळायचं. काल भर दुपारी सर्व्हर अडकला. एजंटने वर्णन वाचलं आणि सर्व्हर बंद केला. तो पुन्हा सुरू व्हायला तीन तास लागले. रक्ताच्या फ्रीजचं तापमान दर पाच मिनिटांनी तोच सर्व्हर नोंदवायचा. तीन तासांची नोंदच नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे ते रक्त कोणालाच देता येईना. एजंटला बोल लावायला जागा नव्हती. लिहिलं होतं तेवढं त्याने इमानाने केलं होतं.

“मीच लिहिलं,” ऑफिसातले सगळ्यांत जुने कर्मचारी, सगळ्यांचे काका, म्हणाले.

त्यांची विभागप्रमुख म्हणून ती समोरच बसली होती. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग राग आला. इतक्या वर्षांत काकांनी रक्तपेढीत फोन केल्याशिवाय तो सर्व्हर एकदाही बंद केला नव्हता. पलीकडच्या नर्सबाई तापमान हाताने वहीत लिहायला बसल्या, की मगच काका बटण दाबायचे. सगळ्या ऑफिसला ते पाठ होतं. नेमकं तेच लिहायला हा माणूस कसा विसरला?

“संध्याकाळपर्यंत अहवाल द्या,” साहेब तिला म्हणाले. “चूक कोणाची ते नाव घालून. काका, उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल.”

काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. ती नवखी असताना तिला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. “अगं, आधी नीट वाच, मग हात लाव,” हे त्यांचं पालुपद. त्यांची खोड एकच, पाल्हाळ. पत्ता विचारला तर वाटेवरच्या प्रत्येक घराची हकीकत सांगून होईपर्यंत सोडायचे नाहीत. चाळीस टूलची वर्णनं त्यांनी लिहून दिली, तेव्हा त्याची जाडजूड पोथीच झाली होती. यंत्राला गप्पा नकोत, म्हणून तिने नियम केला होता: एका टूलला दोन ओळी. मग चाळीसही वर्णनं तिने एका बैठकीत छाटून टाकली होती.

जागेवर येऊन तिने अहवाल लिहिला. पुरावा म्हणून काकांचा मूळ मसुदा जोडायचा होता. तिने तो उघडला आणि एकोणिसाव्या टूलवर आली.

‘सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करते. सर्व्हर अडकल्यास वापरावे. पण आधी रक्तपेढीत फोन करावा. नर्सबाई तापमान वहीत लिहायला लागल्या, की मगच पुढे जावे. फोन उचलला नाही तर थांबावे, हे टूल वापरू नये.’

शेवटच्या तीन वाक्यांवर लाल रेघ होती. बाजूला शेरा होता, तिचाच. ‘पाल्हाळ. हे सगळ्यांना माहीत आहे.’

ही रेघ मारल्याचं तिला काही केल्या आठवेना. चाळिसांतली एक, चहाचे घोट घेता घेता मारलेली.

काका आपला खण रिकामा करत होते. चष्म्याचं जुनं घर, कान तुटलेला कप, फोन नंबरांची फाटकी वही.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

ती बसली नाही. “काका, ती फोनची वाक्यं मी खोडली होती. शपथेवर सांगते, मला आठवत नव्हतं. आत्ता मसुद्यात पाहिलं. साहेबांकडेच निघालेय सांगायला. पण सकाळी तुम्ही गप्प का बसलात?”

काकांनी हातातली फाटकी वही मिटून ठेवली.

“अगं, तू समोरच बसली होतीस की,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला माहीत आहे.”