अर्धी अर्धी नोट

पूर्वी मोठी नोट टपालानं धाडताना लोक चोरीच्या धाकानं तिचे दोन तुकडे करत आणि वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवत. अशा दुर्मीळ नोटेचा एकेक तुकडा बाबांनी जाताना दोन्ही मुलांच्या हातात ठेवला. जोडला तर लाखमोलाचा, एकटा तर कचरा. भावाभावांत विस्तव जात नव्हता. आपला तुकडा दुसऱ्याच्या हाती सोपवायला कुणी तयार होईना, म्हणून विकायला दोघांनाही यावं लागलं.

बाबांनीच नाव सांगून ठेवलेल्या जुन्या नोटांच्या व्यापाऱ्यानं दोन्ही तुकडे दिव्याखाली शेजारी ठेवले, भिंग लावलं.

"नंबर जुळत नाहीत. हे एका नोटेचे तुकडेच नव्हेत."

थोरल्याला वाटलंच होतं. "बदललास ना? लहानपणी माझ्या गोट्याही अशाच बदलायचास."

"आणि बाबांच्या उशाशी कोण बसलेलं असायचं? मी?" धाकटा उसळला.

"सेवा करत होतो!"

"कसली, ते दिसतंय की समोर."

थोरला खुर्ची सरकवून उठला. "आजपासून तू मला मेलास नि मी तुला."

व्यापाऱ्यानं खण उघडला, आणखी दोन तुकडे काढले आणि त्यांच्या तुकड्यांना लावले. दोन अख्ख्या नोटा झाल्या.

"हे तुमच्या वडिलांनी माझ्याकडे ठेवलेले. दोघं मिळून आले तरच दे म्हणाले. मी म्हटलं, हे कसले मिळून येतायत! तर हसले. म्हणाले, मायेनं नाही आले तरी संशयानं येतील. एकट्याला दुसरा येऊच देणार नाही."