अक्काचा घसा

"हा शेवटचा डॉक्टर, अक्का. यापुढे मी कुठेही येणार नाही," मास्तर वैतागून म्हणाला.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दिवसभर 'ब्रेक! ब्रेक!' ओरडणं हाच त्याचा धंदा. आजचे सगळे धडे रद्द करून तो थोरल्या बहिणीला इथे घेऊन आला होता.

अक्काचं एकच पालुपद होतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. पहिल्या डॉक्टरने नुसत्या गुळण्या सांगितल्या, म्हणून तो बाद. दुसऱ्याकडे दुर्बीण नव्हती, म्हणून तोही बाद.

"तुमचाही घसा बसलाय वाटतं?" नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बसेल नाही तर काय! कित्येक महिने हिच्यापुढे डोकं फोडतोय."

आत गेल्यावर अक्का तोंडच उघडेना. "तूच सांग रे सगळं," म्हणाली. मास्तरने घोगऱ्या आवाजात तिची सगळी रडगाणी ऐकवली. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"नाकातून बारीक नळी घालून बघू. घसा इथे पडद्यावर दिसेल," ते म्हणाले.

अक्का दोन पावलं मागे सरकली. "मी नाही बाई."

"अगं, दुर्बीण हवी म्हणून तूच दारोदार फिरवलंस ना मला?"

"दुखलं म्हणजे? आधी तू घालून घे. मग मी बसते."

मास्तरने कपाळावर हात मारला. तो तणतणत खुर्चीत जाऊन बसला.

"घाला डॉक्टर! एकदाची घाला ती नळी आणि सोडवा मला या बाईच्या तावडीतून!"

डॉक्टरांनी नाकात औषधाचा फवारा मारला. नळी आत गेली. "आता 'ई' म्हणा," ते म्हणाले. मास्तर 'ई' म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. नंतर ते पडद्याजवळ वाकून बघू लागले.

नळी काढून त्यांनी पडदा मास्तरकडे वळवला.

"स्वरयंत्रावर ही गाठ आहे. लक्षण बरं नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण मला कॅन्सरची शंका येतेय. अजून लहान आहे. एवढ्यात सापडली तर बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. अजून काही महिन्यांनी आला असतात, तर मला असं म्हणता आलं नसतं."

"माझा घसा?" मास्तरने विचारलं. "हा माझा आहे?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

मास्तरला काय करावं ते सुचेना, तेव्हा तो उठला आणि त्याने खुर्ची हाताने पुसली.

"ये, बस अक्का," तो हळूच म्हणाला. "खरंच दुखत नाही. तुझं बघू दे त्यांना."

अक्का जागची हलली नाही. तिचे डोळे काठोकाठ भरले होते.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?"