यंत्रमानवाचा राग

दुपारी चारला, नव्या गेमच्या चाचणीत, एका मुलीने अंतराळयानातल्या यंत्रमानवाला न लढता नुसत्या संवादांनी शांत केलं. ती लढाई हेरंबने आठ महिने खपून रचली होती. टाळ्या संवाद लिहिणाऱ्या मृण्मयीला मिळाल्या.

"रडवला की नाही तुझा राक्षस?" मृण्मयी म्हणाली.

"छान लिहिलंयस." खरंच छान होतं, म्हणूनच हेरंबला जास्त झोंबलं.

चहाच्या सुट्टीत त्याने संगणकावर यंत्रमानवाच्या रागाचा आकडा चाळीसवरून शंभरावर नेला. आता तो कुणाचं ऐकणार नव्हता.

पुढे एक निवृत्त शिक्षिका खेळायला बसल्या. यंत्रमानव तुटून पडला.

"बाळा, आधी ऐक तरी," त्या पडद्याला म्हणाल्या.

"काकू, बंदूक लाल बटणावर आहे," हेरंब म्हणाला.

"माहीत आहे."

साडेचारला खेळातला त्यांचा जीव बारा टक्के उरला होता. लाल बटणाला त्यांनी अजून हात लावला नव्हता.