राजदीपचा मास्क

आमच्या वणीच्या पॉप-पंक बँडचं पहिलं गाणं. व्हिडिओ कपाशीच्या वावरात काढायचा ठरला. डायरेक्टरनं नागपूरहून विषारी वायूपासून वाचवणारे चार काळे मास्क भाड्यानं आणले. मास्क लावून आम्ही गिटार, ड्रम बडवले. दिसायला एकदम जबरदस्त.

शूटिंग संपलं, तरी ड्रमवाला राजदीप मास्क काढेना.

"साजिदभाऊ, हा मले राहू दे ना दोन दिवस. सोमवारी फवारणीच्या मजुरीवर जाचं हाय. कपाशी डोक्याच्या वर गेली, औषध सारं तोंडावर येते."

"अबे, भाड्याचा हाय. हरवला तं तुहा बाप भरन का?" मी म्हणालो.

तो हसला. मीच त्याच्या डोक्यामागचे पट्टे सोडवले.

बुधवारी दवाखान्यात त्याला दिसेनासं झालं. शुक्रवारी तो मेला.

पंधरा दिवसांनी चौकशीचे साहेब, राजदीपनं फवारलेल्या वावराच्या मालकाकडे चहा पिऊन, राजदीपच्या घरी आले. मीही तिथंच होतो. त्याची माय तुळसाबाई म्हणाली, "मालकानं काहीच देलं नोतं साहेब. लेकरू तोंडाले दुपट्टा बांधून गेलतं."

साहेबांनी मोबाइल काढून आमचाच व्हिडिओ तिच्यासमोर धरला. कपाशीत तिचा राजदीप मास्क लावून ड्रम वाजवत होता.

"मग हे काय आहे, बाई?"

आणि त्यांनी कागदावर लिहिलं: मृताकडे मास्क होता, निष्काळजीपणामुळे वापरला नाही.

तुळसाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"होता तं मंग कुठी गेला रे, साजिद?"