रंबुतानचा मोहोर

शिंप्याच्या बायकोने हौसेने ऑनलाइन रंबुतानच्या, म्हणजे लिचीसारख्या केसाळ फळाच्या, बिया मागवल्या. दहातली एकच रुजली आणि ते झाड तिने सात वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं. अखेर मोहोर आला. तिने विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "ताई, हे नर झाड निघालं. बी लावताना ते ओळखता येत नाही. याला फळ कधीच धरणार नाही."

ते ऐकून शिंपी तावातावाने कोयता घेऊन अंगणात गेला. तिच्या सासूबाई धावत आडव्या आल्या. "खबरदार हात लावशील तर! फळ धरत नाही, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?"



लग्नानंतरची बारा वर्षं याच तोंडून 'वांझोटी' ऐकत आलेल्या सुनेने बादली उचलली आणि झाडाला पाणी घातलं.