खाडीपलीकडचे गुण

फळा ओला होता. दीपिकाने उंबऱ्यातूनच ते पाहिलं. आज ती न कळवता आली होती, आणि ती दारात दिसताच गुरुदास गुरुजींनी घाईघाईने फडकं फिरवलं होतं.

"काय पुसलंत, गुरुजी?"

"कालची तारीख."

तारखेसाठी कोणी अख्खा फळा पुसत नाही.

तीन वर्षं ती एकच गोष्ट शोधत होती. टॅबवर शिकणारी मुलं गणितात पुढे जातात का? खाडीअलीकडच्या शाळेला तिने बारा टॅब दिले. पलीकडच्या या शाळेला मुद्दाम काहीच दिलं नाही. तुलनेला एक शाळा कोरी लागते. आणि शेवटच्या चाचणीत ही कोरी शाळाच पुढे गेली. थोडीथोडकी नाही, सरासरी अठरा गुणांनी.

"पेपर फुटलाय," पुण्याचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले होते. "ती शाळा वगळ, नाहीतर प्रबंध विसर." प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा होता, विद्यापीठातली नोकरी त्यावर अडली होती. शाळा वगळण्याचं पत्र पिशवीत तयार होतं. त्यात पेपर फोडणारे म्हणून गुरुजींचं नाव होतं. गुरुजींच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

पुरावा तेवढा हवा होता.

तिने कपाट उघडायला लावलं. आत खडू, हजेरीपट, एक चेपलेला पृथ्वीगोल. तिची प्रश्नपत्रिका कुठेच नव्हती. इतकं आवरलेलं कपाट? तिला तेही खटकलं.

व्हरांड्यात खिचडीचे तांदूळ पाखडणारी काशीबाई ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, "पोरां नापास झाली तरी चौकशी, पास झाली तरी चौकशी!"

दीपिकाने सकाळी कसालच्या स्टँडवर बसून एक नवं गणित रचलं होतं. ते तिच्याखेरीज कुणी पाहिलेलंच नव्हतं. तिने चौथीतल्या तेजस्वीला उभं केलं.

"होडीत एका वेळी नऊ माणसं बसतात. चाळीस जणांना पलीकडे न्यायला किती फेऱ्या?"

तेजस्वीने बोटांवर काहीतरी मोडलं. "पाच."

"चार का नाही?"

"मगे उरलेले चार जण काय पेवत जातले?"

चौघे पोहत निघालेत या कल्पनेने वर्ग खो खो हसला. दीपिका हसली नाही. हे पाठांतर नव्हतं. पुस्तकातलीही ही रीत नव्हती. म्हणजे कुणीतरी बसून, वेळ घालवून, हे शिकवलं होतं.

"असा विचार करायला तुला कोणी शिकवलं?"

तेजस्वीने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले.

"घाबरू नको गो. नाव सांग."

"तुमी."

"मी?"

"दर म्हयन्याक इलास की एसटी येयसर तुमी हयच बसतास. आमका गणतां घालतास. चुकला तरी हसतास, नि असा कित्या केलंस ता सांगूक लावतास."

"तुम्ही गेल्यावर मीही तसंच 'असं का केलंस' विचारतो, मॅडम," गुरुजी हळूच म्हणाले. "आज फळ्यावर माझंच गणित चुकलं होतं. तुमच्यापुढे लाज वाटली."

अलीकडच्या शाळेत दीपिका टॅबमधल्या नोंदी उतरवून घ्यायची आणि पंधरा मिनिटांत निघायची. मुलं मान खाली घालून काचेवर बोटं फिरवत असायची. त्यांची नावंसुद्धा तिला नीट ठाऊक नव्हती. इथे हजेरी टिपण्यापलीकडे उतरवून घ्यायला काहीच नसे, आणि परतीची एसटी अडीच तासांनी. ते अडीच तास तिने कधी कुठल्या तक्त्यात मांडले नव्हते. तिच्या लेखी तो वाया गेलेला वेळ होता.

काशीबाईने सूप झटकलं.

"ह्यात इतक्या शोधूचा काय आसा, बाय? तेंका टॅब गावले. आमका तुमी गावलास."