मंजिष्ठेचा लाल

आपल्याच मेंढ्यांची लोकर, घरोघरी कातलेली, आणि रंग फक्त पानामुळांचा, असा लोकर रंगवायच्या शेडमधल्या बायकांचा शिरस्ता होता. या खेपेला मंजिष्ठेची मुळं कितीही उकळली तरी रंग विटकरीच्या पुढे सरकेना. सगळ्या जेवायला गेल्या, तेव्हा भट्टी सांभाळणाऱ्या वहिनीने बाजारच्या लाल रंगाची पुडी पातेल्यात गुपचूप रिकामी केली.

संध्याकाळी दोरीवर लालभडक लडी झुलल्या. "वहिनीच्या हाताला गुण आहे," असं जी ती म्हणू लागली. वहिनी खाली मान घालून पातेलं घासत राहिली. तिच्या नणंदेने तर पहिली लड हक्काने उचलली आणि आपल्या तान्ह्या लेकीसाठी टोपी विणली.

पुढच्या आठवड्यात वहिनी बाळाला बघायला गेली. बाळ टोपीचा गोंडा तोंडात धरून चोखत होतं. ओठ, हनुवटी, लाळेरं, सगळं लाल झालं होतं. वहिनी गोंडा ओढून घ्यायला धावली, तसा नणंदेने हसत तिचा हात धरला.



"चोखू दे गं वहिनी. बाजारचा रंग असता तर मीच काढून घेतला असता."